वच्छलेचं पाणी

चिचगडहून देवरीकडे निघालेली उतारूंची मोटार वाडीवजा टोल्याजवळच्या चढावावर आली की तिला ताप भरायचा, आणि तो वच्छलेमुळे भरतो हे अख्ख्या टोल्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मोटारीच्या मालकाला, कारण तो गोंदियात गादीवर बसून पान चघळत असे.

चढावाच्या डाव्या अंगाला मसणवटा. गीताबाईच्या एकुलत्या एका पोरीला, वच्छलेला, तिथं मूठमाती दिली त्याला दोन पावसाळे झाले होते. मोतीझऱ्याचा ताप होता. वैदानं बजावलं होतं, ताप उतरेस्तोवर पाण्याचा थेंब द्यायचा नाही, दिलात तर पोर हातची जाईल. गीताबाई शब्दाची पक्की. नवरा गेल्यावर दुसऱ्याचं धानाचं रान ठेक्यानं करून तिनं पोर वाढवली होती, ती काय वैदाचा शब्द मोडते! पोर वाळली जीभ फिरवत 'माय, पाणी' म्हणत राहिली, आणि तिच्या नजरेला पडू नये म्हणून मायनं पाण्याचा हंडा उचलून शेजारी नेऊन ठेवला. ताप काही उतरला नाही. पोर गेली.

पुढच्या उन्हाळ्यात या रस्त्याला मोटार लागली. पहिल्याच आठवड्यात ती चढावावर अडली, पुढच्या जाळीतून वाफ फुसफुसायला लागली आणि ड्रायव्हरनं जाळीच्या पाण्याचं झाकण सैल करताच अशी लांब शिट्टी निघाली की रानातली गुरं बुजली. टोल्यातला केवळराम तिथंच उभा होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा हा माणूस.

"अबे, हे तं वच्छला होय! तहानेली मेली ना ते. मोटारीचं पाणी पेऊन राहिली!"

झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच पाणी आटलं, तिसऱ्या दिवशीही आटलं. बाया सरपणाला दुसऱ्या वाटेनं जायला लागल्या. उतारू चढाव आला की डोळे मिटून रामराम म्हणायला लागले. गीताबाईला तोंड दाखवायला लाज वाटेल अशी सगळ्यांची समजूत. पण तिला हायसं वाटलं. पोर भूत झाली हे तिला ऐकूच आलं नाही. पोर पाणी पिते आहे, एवढंच तिच्या कानात शिरलं.

तेव्हापासून ती रोज सकाळी आपल्या विहिरीची भरली घागर घेऊन चढावावर उभी राहू लागली. ड्रायव्हर भैय्यालाल गोंदियाचा, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आपलं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली त्याची गत. पाण्यासाठी नाल्यापर्यंतची पायपीट वाचली. ओलं पोतं झाकणावर टाकून तो ते जरासं फिरवायचा. शिट्टी निघायची. इंजिन हळू चालू ठेवून तो अंमळ थांबायचा आणि मग घागर कलती करून थोडं थोडं पाणी ओतायचा. आत गुडगुड वाजे.

"पे बाई," गीताबाई पुटपुटायची. "दमानं पे. लय हाये पाणी."

त्या शिट्टीत तिला 'मायऽ' असं स्वच्छ ऐकू येई. गुडगुड थांबली की तिचा जीव थंड होई, आणि मग दिवसभर चिखलणी असो की निंदण, तिला थकवा म्हणून जाणवत नसे. भैय्यालालनं उतारूंकडून सगळी कथा ऐकली होती. ती पुटपुटायला लागली की तो चाकांकडे बघत राहायचा. चांगला माणूस होता, पण मोटार पाणी का खाते हे त्याला कळत होतं आणि तो बोलत नव्हता, हेही खरं.

दुसऱ्या उन्हाळ्यात काही दिवस मोटार आलीच नाही. गीताबाई घागर घेऊन उन्हात उभी राहायची आणि तशीच परतायची. मग एके सकाळी मोटार आली, घुरघुरत चढाव चढली आणि न थांबता निघून गेली. गीताबाई घागरीसकट मागं धावली. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. भैय्यालालनं करकचून ब्रेक लावला.

"काल काऊन नाई थांबला रे? पोरगी तहानेली राहिली ना माही!"

आतून उतारू ओरडायला लागले. भैय्यालाल खाली उतरला.

"माय, गाडी दुरुस्त झाली. शेठनं गोंदियात पुरी जाळी खोलवली. अब पानी नहीं लगता."

"कायले नाई लागत? रोज तं पेत होती."

"कोनी पेत नव्हता, माय." त्यानं बॉनेट उघडलं. आज नाही सांगितलं तर ही रोज अशीच आडवी येईल, आणि कधी ब्रेक लागला नाही तर? "हे पाहा. इंजनात पेट्रोल जळते, तं लोखंड तापते. त्याच्या आंगाभवताल पानी फिरते. पानी गर्मी घेते आन् या जाळीत येते. जाळीत बारीक बारीक नळ्या हायेत. मांगून हा पंखा हवा ओढते, पानी थंड होते, मंग पंप त्याले परत इंजनात ढकलते. तेच पानी, गोल गोल. पैले नळ्यायत चुना बसला होता, पंख्याचा पट्टा ढिला होता. चढावावर इंजनाले जोर जास्त, गाडी हळू, हवा कमी. पानी उकळे आन् वाफ होऊन जाये. बस."

चुना कुठल्या विहिरीच्या पाण्याचा, हे त्यानं सांगितलं नाही.

"आन् ते शिट्टी?"

"वाफच होये, माय."

गीताबाईनं जाळीवर तळवा ठेवला. जाळी गरम होती, पण हात भाजत नव्हता. आत काही वाजत नव्हतं.

"पाणीच नाई देलं तं?"

"तं जाम होते. इंजन मरून जाते," भैय्यालाल बोलून गेला आणि तिचं तोंड पाहून त्यानं जीभ चावली. मग घाईघाईनं म्हणाला, "पन तापल्या इंजनात एकदम ठंडा पानी ओतला ना, तं लोखंड तडकते. बड्या बड्या डायवरायनं फोडले असे इंजन. रुकावंच लागते, माय. वैदानं काही गलत नव्हतं सांगितलं."

लोखंडाचं खरं होतं. पुढचं त्यानं मायेपोटी जोडलं. गीताबाईच्या कपाळावरच्या आठ्या सैलावल्या. इतक्या दिवसांत कुणी तिला असं म्हटलं नव्हतं.

"रुकावं लागते?"

"हो."

"तू बी रुकत होता. पोतं टाकून उभा राहत होता."

"हो ना."

"मंग?"

"मंग का, माय?"

"रुकल्यावर काय करत होता?"

भैय्यालालला खोटं सुचलं नाही. रोज ती शेजारीच तर उभी असे.

"मंग थोडा थोडा देत होतो."

"देत होता ना पन," गीताबाई म्हणाली. "म्या तं देलंच नाई."

त्यानं तिला दंडाला धरून रस्त्याच्या कडेला नेलं. मोटार गेली. धूळ बसेपर्यंत गीताबाई उभी होती, मग घरी आली.

दुपार झाली. शेजारपाजार रानात गेलेला. गीताबाई चुलीपुढे बसली होती आणि तिला मागून ऐकू आलं, 'माय, पाणी'. शिट्टीतल्यासारखं लांब नाही. बारीक, कोरड्या घशाचं, शेवटच्या दिवशीचं. चढावावरची वच्छला एका घागरीवर दिवसभर गप्प राहत असे. ही घरातली; हिला कुठलं झाकण उघडून पाजायचं? गीताबाईनं बाजेवर गोधडी झटकून अंथरली, लोटा भरला आणि उशाशी ठेवला. "घे बाई," ती म्हणाली, "आता कोनी आडवत नाई." आपण समोर असलो तर पोर भिऊन पिणार नाही, म्हणून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि आतल्या आवाजाकडे कान लावून राहिली.

सांजेला आत येऊन पाहिलं, तर लोटा काठोकाठ तसाच भरलेला होता.