फळ्यावरच्या दोन रेघा

आमच्या घोड्यांच्या शर्यतीचा इतिहास लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. नंतर पुन्हा विचारलं, तेव्हा नाही म्हणायचा धीर झाला नाही. गावोगाव फिरणाऱ्या वाचनालयाच्या गाडीवर मी नोकरी केली, म्हणून लोक मला ‘पुस्तकवाले’ म्हणतात, आणि पुस्तकवाल्याला सगळं येत असणार असं धरून चालतात. मला घोड्यावर बसताही येत नाही.

इतिहास म्हणाल तर असा. लानेव्हन आणि वेर्नहोप या दोन गावांतल्या दोन शेतकऱ्यांची बाजारच्या दिवशी जुंपली. कुणाची घोडी वेगवान? ठरलं की एका चर्चच्या मनोऱ्यापासून निघायचं, दुसऱ्याच्या मनोऱ्याशी पोचायचं. मधे कुंपण येवो, ओढा येवो, वाट ज्याची त्याने काढायची. जिंकलं कोण, यावर दोन्ही गावांचं अजून एकमत नाही. मीही ते वाक्य मोघमच ठेवलं आहे. पुढे मनोरे सुटले, प्रोबर्टांच्या कुरणात गोल मार्ग आखला गेला, उड्या मारायला बर्चच्या फांद्यांचे अडसर आले. महायुद्धाच्या काळात तिथे बटाटे लावले, मग पुन्हा घोडे धावले. आता ईस्टरनंतरच्या शनिवारी दिवसभर शर्यती चालतात आणि लांबलांबून ट्रकमधून घोडे येतात. पण दिवसातली पहिली शर्यत अजून फक्त आमची. घोडा इथल्या शेतावरचा हवा, थंडीतल्या शिकारीत इथल्या शिकारी कुत्र्यांमागे धावलेला हवा आणि स्वार हौशी हवा. जातिवंत घोडाच पाहिजे, अशी अट नाही.

या पहिल्या शर्यतीच्या विजेत्यांची नावं गावच्या सभागृहात एका लाकडी फळ्यावर सोनेरी रंगाने लिहिलेली आहेत. त्यात शेवटच्या दोन वर्षांपुढे नाव नाही, नुसती रेघ आहे. दोन्ही रेघा हेस्टर गॉफच्या.

त्याचं असं की, शर्यतीला एकच घोडा आला तरी त्याला खोगीर घालून, वजन करून, पंचासमोरून चालत जावं लागतं. तसा गेला की तो जिंकला. चषक मिळतो, टाळ्या मिळतात. पण आमच्याकडची रीत अशी की, कुणाला हरवल्याशिवाय नाव फळ्यावर चढत नाही. हेस्टरच्या वडिलांचं नाव तिथे आहे, आजोबांचं आहे, धाकट्या भावाचंसुद्धा आहे. तिचं नाही. तिच्या उमेदीच्या वर्षांत ती आजारी आईपाशी आणि मेंढ्यांपाशी अडकली; मोकळी झाली तेव्हा गावातले बाकीचे घोडे सरले होते. साठीला टेकलेली ती आणि म्हातारी होत चाललेली तिची घोडी जुनिपर, दोघी दोन वर्षं एकट्याच पंचासमोरून चालत गेल्या.

यंदा शर्यतीच्या समितीने ठरवलं की पुन्हा एकच घोडा आला तर ही शर्यत कायमची बंद. म्हणजे दुसरा घोडा आला नाही, तर हेस्टरचं नाव फळ्यावर कधीच चढणार नव्हतं.

अर्ज घ्यायच्या शेवटच्या दिवशी सभागृहात चहा चालू होता. समितीची चिटणीस रोझलिंड कागद आवरत होती, तेवढ्यात इद्रिस प्रोबर्ट चिखलाचे बूट दाराबाहेर काढून आत आला. ज्याच्या कुरणात शर्यत होते तो हा. हेस्टरचा शेजारी, लहानपणापासूनचा.

“माझाही एक घोडा लिही गं,” तो म्हणाला.

“तुझ्याकडे घोडा कुठला?” रोझलिंडने विचारलं.

“पुडिंग.”

सगळे हसले. पुडिंग म्हणजे इद्रिसचा मेंढ्यांमागे फिरायचा घोडा. आखूड पाय, रुंद पाठ, पायांवर केसांचे झुबके.

हेस्टर हसली नाही. “माझ्यावर दया करतोयस का रे?”

“दया कसली? हरवायचंय तुला.”

“मग नीट ऐक. पहिल्या दोन उड्या मारून लगाम ओढताना दिसलास, तर मी स्वतः पंचांकडे तक्रार करीन. मुद्दाम घोडा आवरणं म्हणजे लबाडी.” मग माझ्याकडे वळून, “काय हो पुस्तकवाले, बरोबर ना?”

पंच मीच. माझं कुणाशी भांडण नाही, एवढ्याच गुणावर मला ते काम मिळालं आहे. शर्यत संपते त्या खांबासमोर एका ट्रॉलीवर लाकडी खोपटं ठेवलेलं असतं. त्यात उभं राहून कोण पहिलं आलं ते सांगायचं. आमच्याकडे कॅमेरा वगैरे नाही. मी म्हणालो, “बरोबर,” आणि चहात पाहत बसलो.

शनिवारी ऊन होतं. लोक गाड्यांची मागची दारं उघडून मांस भरलेली पोर्क-पाई कापत होते. वजनकाट्यावर इद्रिस चढला तेव्हा कुणीतरी ओरडलं, “अहो, एका वेळी एकच जण चढा!” इद्रिसने टोपी काढून अभिवादन केलं. हेस्टर वडिलांचा विटलेला हिरवा सदरा घालून आली होती. ती कुणाशी बोलली नाही. जुनिपरचा कान मात्र सारखा कुरवाळत होती.

झेंडा पडला. जुनिपर सुंदर निघाली. पुडिंग तिच्यामागून लोखंडी घमेली घरंगळावीत तसा निघाला. पहिल्या अडसराशी तो थांबणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. इद्रिसनेही धरलं असावं. पण हा घोडा थंडीभर कुत्र्यांमागे जुनिपरच्याच शेपटीमागे धावला होता. ती उडी मारते तिथे आपणही मारायची, एवढंच त्याला ठाऊक. तो फांद्या उडवत पलीकडे गेला. दुसऱ्यावरूनही गेला. मागे पडत होता, पण थांबत नव्हता. दुसऱ्या फेरीत लोकांनी खाणं खाली ठेवलं.

ओढ्याकडच्या वळणावर जुनिपर दमली. वय झालेलं, हेस्टरने तिला छडी दाखवलीसुद्धा नाही, सावकाश येऊ दिलं. शेवटचा अडसर दोघांनी ओलांडला तेव्हा घोडी बरीच पुढे होती. मी मनात फळ्यावर तिचं नाव लिहूनही टाकलं.

आणि मग पुडिंगला वास आला.

शेवटचा चढ चढला की आमचा खांब, आणि खांबाच्या मागे, दगडी भिंतीपलीकडे, त्याचा तबेला. रोज संध्याकाळी मेंढ्या आवरून तो याच चढाने वर येतो आणि वर ओट्स भरलेली बादली असते. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. इद्रिसला तर होतंच. पण पुडिंग इथवर पोचेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तो घोडा मान खाली घालून असा सुटला की इद्रिसची टोपी उडाली. लोक आधी हसले, मग ओरडायला लागले. कुणासाठी ओरडतोय हे त्यांनाही कळत नसावं.

मी एक डोळा मिटला आणि समोरच्या खांबाशी नजर लावली. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. अक्षरांनी ते झिजले आहेत. तपकिरी नाक आलं आणि मग राखाडी नाक आलं. तपकिरी नाक पुडिंगचं.

रोझलिंड ट्रॉलीची शिडी चढून आली. “कोण?”

“पुडिंग. डोक्याएवढ्या अंतराने.”

तिने आवाज खाली आणला. “नक्की ना? बघा हं. तुमच्याशिवाय कुणी सरळ रेषेतून पाहिलेलं नाही.”

तिला काय सुचवायचं होतं, ते मला कळलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. वडिलांचा सदरा घातलेली हेस्टर खाली घोडी फिरवताना दिसत होती. मला वाटलं, माझी चूकच झाली असेल, सहसा होते. पुन्हा डोळे मिटून पाहिलं. आधी तपकिरीच नाक आलं.

“नक्की,” मी म्हणालो.

निकाल पुकारला तेव्हा टाळ्या नीटशा वाजल्या नाहीत. इद्रिसला भिंतीपाशी पुडिंगला थांबवून परत आणावं लागलं. तो लालबुंद झाला होता.

“हेस्टर, मी... तो आवरतच नव्हता गं.”

“पाहिलं मी. दोन्ही हातांनी आयाळ धरून देवाचं नाव घेत होतास.” ती घोडीवरून उतरली, खोगीर काढलं, ते हातावर घेऊनच माझ्या ट्रॉलीपाशी आली. मी खोपटात आणखी आत सरकलो.

“किती अंतराने म्हणालात?”

“डोक्याच्या.”

“हं. मलाही तेवढंच वाटलं.” ती दम खात होती. “वर बसलेल्याला कळतं हो. तुम्ही माझं नाव घेतलं असतंत, तर त्या फळ्याखाली मला चहा गोड लागला नसता.”

ती थांबलीच होती, म्हणून म्हणालो, “घोडी फार छान आली.”

“आली ना?” ती म्हणाली, आणि मग हसायला लागली. इतकी की खोगीर ट्रॉलीच्या कडेला टेकवावं लागलं. “बादलीसाठी! मेला बादलीसाठी जिंकला!”

इद्रिसही हसला, पण जपून.

“रोझलिंड,” हेस्टर डोळे पुसत म्हणाली, “शर्यत झाली ना? खरीखुरी, दोन घोड्यांची?”

“झाली की.”

“म्हणजे बंद होत नाही. पुढच्या वर्षी माझं नाव आत्ताच लिहून ठेव. जुनिपरची भाची आहे घरी, तिला आणते. आणि याचंही लिही.”

“मी?” इद्रिस म्हणाला. “नाही हां बाई. माझी कंबर गेलीय.”

“जिंकलेल्याने पुढच्या वर्षी उतरायलाच हवं. जुना नियम आहे. विचार पुस्तकवाल्यांना.”

दोघेही माझ्याकडे पाहायला लागले. असा नियम मला कुठेही सापडलेला नाही. तसं सांगायला मी तोंड उघडलं, आणि हेस्टरच्या चेहऱ्याकडे पाहून ते मिटलं.

“बघ,” ती इद्रिसला म्हणाली. “आणि तबेल्याचं दार त्या दिवशी बंद ठेव.”