कोरं पिवळं टोक

पेकिंगहून हुकूम आला तो भर उन्हाळ्यात. जहाजांवरचं ड्रॅगनचं पिवळं तिकोनी निशाण आता चौकोनी करायचं, कारण फिरंग्यांची सगळी निशाणं चौकोनी आणि तिकोनी फडक्याला ते निशाण मानायलाच तयार नव्हते. अमोय बंदरातल्या पहाऱ्याच्या बोटीचा कप्तान खू सेंग निशाण घेऊन तडक शिडं शिवणाऱ्या बियानमावशीकडे गेला.

"नवं निशाण यायला तीन महिने लागतील. तू यालाच जोड दे. परवा इंग्रजांची तोफनौका येतेय."

"आणि ड्रॅगन?"

"असू दे जिथे आहे तिथे."

"काठीला चिकटून बसेल तो. बाहेर यायला घाबरल्यासारखा."

"मावशी, सुई चालव. तोंड नको."

मावशीनं पिवळा तुकडा जोडून दिला. पण तोफनौका आली त्या दिवशी नेमका वारा पडला. ड्रॅगन घडीत गेला आणि जोडलेलं कोरं टोक तेवढं बाहेर लोंबत राहिलं.

तोफनौका बंदराच्या तोंडाशीच थबकली. तिच्यावरून एक होडी आली. होडीत नाकाला रुमाल लावलेला डॉक्टर आणि दुभाषा लिम. दहा हात लांबच थांबून लिम म्हणाला, "किती जण आजारी, विचारतोय. त्यांच्यात पिवळं निशाण म्हणजे जहाजावर साथ."

खू सेंगच्या मानेच्या शिरा ताठल्या. "सांग त्याला, हे आमच्या बादशहाचं निशाण आहे."

लिमनं सांगितलं. "बादशहाही आजारी आहे का, म्हणतोय."

"ठणठणीत आहे म्हणावं. सत्तावीस वर्षं आमचं हेच पिवळं आहे."

डॉक्टरनं वहीत काहीतरी खरडलं आणि होडी घाईनं वळवायला लावली.

"काय लिहिलं रे त्यानं?"

"जुनाट आजार," लिम म्हणाला.

संध्याकाळच्या आत तोफनौका निघून गेली. बंदराचा अधिकारी खुशीत धक्क्यावर आला. ना मेजवानी, ना मानाच्या तोफांवरून हुज्जत. "कप्तान, निशाण असंच राहू द्या," तो म्हणाला.

पण कोळी येताजाता "ताप उतरला का?" म्हणून विचारू लागले. तिसऱ्या दिवशी खू सेंगनं निशाण उतरवलं, काखोटीला मारलं आणि मावशीचं दार गाठलं.

"साहेब तर राहू द्या म्हणाले ना?"

"म्हणू देत. आमचं निशाण बघून कुणी नाक दाबायचं नाही. ड्रॅगन पार टोकापर्यंत ने."

"ताणून लांबत नाही तो. उसवून नव्यानं शिवावा लागेल. चार दिवस."

"तोवर काठीवर काय लावू?"

"साहेबांना लाव," मावशी म्हणाली आणि उसवायला बसली. खू सेंगनं कापडाचं दुसरं टोक धरलं.

ड्रॅगन टोकापर्यंत पोचला, जरा लठ्ठ झाला इतकंच. महिन्याभरानं तोफनौका परत आली, तिनं मानाच्या तोफा झाडल्या, आणि मेजवानीची सगळी धावपळ अंगावर पडलेला अधिकारी पुढे कितीतरी दिवस खू सेंगशी बोलला नाही.