गरुड छाप प्लग

माझा यशवंत लोंढ्याच्या नारायणशेटची मोटार हाकायचा. खंडेनवमीला जगलबेटच्या चढणीवर सुप्याच्या विठ्ठलच्या मोटारीशी शर्यत ठरली. शेटला सिंह छाप प्लग हवे होते. बेळगावात सगळे तेच घालतात म्हणे. प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी चिनीमातीची कांडी. यशवंतनं दोन्ही छाप आळीपाळीनं घालून, मागं भाताची सारखीच पोती टाकून, आठ दिवस तीच चढण चढून पाहिली. सिंहाची टोकं काजळीनं काळी पडायची, गरुडाची भाजल्या विटेच्या रंगाची राहायची.

“गरुडच घालूया, शेट. न्हाई पळाली तर मला काढून टाका,” म्हणून बसला.

सपाटीवर आमची मोटार पुढं होती. निम्म्या चढणीवर, शेट, मी आणि बघे उभे होतो तिथंच, खोकायला लागली आणि थांबली. विठ्ठल धूळ उडवत निघून गेला.

“यशवंतचा गरुड कोंबडी निघाला!” कुणीतरी ओरडलं.

शेट पोराच्या अंगावर धावला. “लबाडा, दुकानदारानं काय चारलं तुला? हँडल ठेव खाली आणि चालू लाग!”

मीही पोरालाच झाडलं. “शेटचं ऐकलं असतंस तर शेण पडलं असतं काय तोंडात?”

त्यानं मोटारीचं झाकण उचललं. पान्यानं एक प्लग काढून माझ्यापुढं धरला. टोक विटकरी, स्वच्छ. वरच्या पांढऱ्या चिनीमातीवर मात्र हळदकुंकवाचा ओला पट्टा.

“ठिणगी आत पडायच्या ऐवजी ह्या ओलीवरनं बाहेरच पळाली, अव्वा.”

सकाळी कोयती, कुऱ्हाडी पुजून झाल्या, यशवंत अंघोळीला गेला होता. मोटारीचं झाकण उचलून चारी कांड्यांना बोटं ओढली होती ती मीच. ठसठशीत, पाण्यात कालवून.

मला माझाच असा संताप आला, की तो घेऊनच मी शेटपुढं गेले.

“शेट, पूजा माझी, चूक माझी. माझ्या पोराला लबाड म्हणायचं न्हाई.”

“सारवासारव नको, बायजाक्का.”

“सारवासारव व्हय? बघा मग.” चारी प्लग पदरानं कोरडे पुसले. “घाल रे यशवंता. आणि शेट, तुम्ही बसा मागं. दोन पोत्यांचं वजन हायच तुमचं.”

माणसं हसली. शेट नाइलाजानं बसला. मोटार सरळ माथ्यावर गेली, एकदाही खोकली नाही.

परत आल्यावर शेट हसत म्हणाला, “उद्या ये रे कामावर.”

मी मोटारीचं दार दाबून धरलं. “उतरायचं न्हाई. लबाड म्हणताना आवाज केवढा होता? तेवढ्याच आवाजात परत घ्या.”

“अव्वा, जाऊ दे की.”

“तू गप.”

शेटचे कान लाल झाले. “यशवंत लबाड न्हाई,” तो पुटपुटला. मी कान पुढं केला. दुसऱ्यांदा म्हणाला ते माथ्यावरनं परतलेल्या विठ्ठललाही ऐकू गेलं. मग मी दार सोडलं.