एकशे बारा चुका
"रानशेत आणि कैनाड, दोन्ही ओळी जुळत नाहीत," चंदर कागदावरून मान न उचलता म्हणाला.

डहाणूच्या तारघरात पोस्टमास्तरांनी कपाळाला हात लावला. बाहेर देवीची लस घेऊन जीप उभी होती. कुठल्या गावात किती लहान, किती मोठे टोचायचे, त्याचा तक्ता ठाण्याहून तारेने आला होता.

चंदर धाकटी डहाणूचा. घरचे सगळे होडीवर, हा एकटाच तारेवर. अकरा वर्षं हंगामी, आणि आता कुठे कायम व्हायची चिन्हं होती. खाऱ्या वाऱ्याने तार गंजायची, आकडे बिघडून यायचे. म्हणून त्याने ठाण्याहून तार पाठवणाऱ्या नारूला गळ घातली होती, की तक्त्यासोबत आडव्या-उभ्या बेरजाही पाठवत जा. एक आकडा बिघडला की एक आडवी आणि एक उभी बेरीज चुकायची. दोन्ही जिथे भेटतात तिथे चूक. पाच वर्षांत अशा एकशे बारा चुका त्याने पकडल्या, सुधारल्या आणि हौसेने वहीत उतरवल्या. आई, पुतळी, विचारायची, चुका मोजायचा पगार मिळतो काय रे तुला?

आज मात्र दोन ओळी आणि दोन्ही रकाने एकदम चुकले, आणि ठाण्याला विचारावं तर तार तुटलेली.

"बेरजांचं खूळ तुझं ना? मग काढ शोधून," मास्तर म्हणाले.

चूक आहे हे कळायला एक मिनिट लागलं होतं. कुठली ते शोधण्यात दुपार गेली. इथले दहा तिथे सरकवले तरी जुळतंय, वीस सरकवले तरी जुळतंय. एकोणीस तक्ते झाले, एकोणीसही चोख जुळणारे. शेवटी मास्तरांनी त्यातला सुवाच्य अक्षराचा उचलला आणि जीप सोडली. कैनाडला लस उरली, रानशेतला पुरली नाही.

चौकशीला आलेल्या साहेबांनी वही चाळली.

"बाकीच्या तारबाबूंच्या नावावर पाच वर्षांत एक चूक नाही. तुमच्या एकशे बारा?"

"ते बेरजा मागवत नाहीत, साहेब."

"बघा. म्हणूनच त्यांच्या चुका होत नाहीत."

चंदर हंगामीच राहिला. बेरजा बंद झाल्या आणि तारघराचं काम कागदोपत्री बिनचूक झालं.

पुढच्या महिन्यात नवा तक्ता आला. रानशेत, लहान मुलं: शून्य. मास्तरांनी न वाचता सही ठोकली. जीप सकाळी निघणार होती. चंदरने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, टोपी घातली आणि सायकल रानशेतच्या रस्त्याला लावली, पोरं मोजायला.