टीव्हीसमोर ठेवलेलं पाणी

त्या हिवाळ्यात सकाळच्या चहाच्या वेळी टीव्हीवर एक माणूस येई. बोलत काही नसे. नुसते हात फिरवी, ओठ हलवी, आणि त्यामुळे म्हणे पडद्यासमोरच्या पाण्यात गुण उतरे. किरगीजस्तानातल्या आमच्या सगळ्या तलास खोऱ्यातल्या बायका तीन-तीन लिटरच्या काचेच्या बरण्या भरून टीव्हीपुढे मांडायच्या. बाजारात एकमेकींना विचारायच्या, "काय गं, तुझं पाणी भारलं का?" आणि हसायच्या. हसायच्या, पण घरी जाऊन प्यायच्या.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती, पणजोबांच्या काळापासून त्या खोऱ्यात शेती करणारे जर्मन. टीव्ही आणणाऱ्याला मंडळी जाब विचारी. तरीही त्या माणसाबद्दल सगळ्यात जास्त बोलणं आमच्याच प्रार्थनाघरात व्हायचं. मंडळीचे प्रमुख कॉर्नेलियसभाऊ दोन रविवार त्याच्यावरच बोलले. "याची शक्ती देवाकडची नाही. मग कोणाकडची?" असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, कोणाकडचीच नसेल तर? पण सभेत बायकांनी बोलायची रीत नव्हती. खरं सांगायचं तर सगळ्या खोऱ्यात त्या माणसावर आमच्याइतका पक्का विश्वास दुसऱ्या कोणाचा नव्हता.

माझे यजमान, गेरहार्ड, त्याआधीच्याच शरद ऋतूत वारले होते. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून माझं डोकं दुखायचं, सकाळी सुरू झालं की दिवसभर. हे माहीत होतं फक्त शेजारच्या बुरुलला. ती किरगीज, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला एजे म्हणायची, म्हणजे ताई.

एक दिवस ती दारात उभी राहिली. दोन्ही हातांत बरणी.

"धर लवकर. बोटं गोठली माझी."

"काय आहे, एजे?"

"पाणी. पहिल्या रांगेत ठेवलं होतं, त्याच्या अगदी नाकासमोर. सून म्हणाली, माझी बरणी पुढे हवी. म्हटलं, तू सर मागे. तुझं डोकं दुखलं तर ओरडायला तुला नवरा आहे."

"एजे, आमच्यात हे चालत नाही गं."

"तुमच्यात चालतं तरी काय? दारू नाही, नाच नाही, टीव्ही नाही. आता पाणीपण नाही?"

"तुझा गुडघा बरा झाला का त्यानं?"

"कसला बरा! काल अंगणात आपटले. मी त्याच्याशी बडबडत बसते ना, त्याचं लक्ष उडत असणार."

बाहेर रस्त्यावर बर्फाची काच झाली होती. त्या गुडघ्यानं, ती बरणी घेऊन, ती तेवढं चालत आली होती. मी दोन पियाले काढले. पाणी कोपऱ्यावरच्या पंपाचंच होतं, तीच लोखंडी चव. ती माझ्या कपाळाकडे टक लावून बघत होती.

"काही वाटतंय?"

"गार आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

आम्ही दोघी हसत सुटलो. गेरहार्डला पुरल्यानंतर मी पहिल्यांदाच हसले.

प्रभुभोजनात आम्ही सगळे एकाच भाकरीचा तुकडा घेतो. त्याआधीच्या आठवड्यात कॉर्नेलियसभाऊ घरोघर जाऊन विचारत, मनात काही आहे का, कोणाशी काही बिनसलंय का. मला विचारलं तेव्हा मी पाण्याचं सांगितलं. लपवून भाकर घेणं मला जमलं नसतं.

त्यांनी डोळे मिटले. माणूस वाईट नव्हता. गेरहार्डची कबर त्यांनीच खणली होती.

"चूक झाली एवढं म्हण, युस्तिनाबहिणी. सगळ्यांपुढे उभं राहून दोन शब्द. मग झालं."

"पाणी पंपाचंच होतं, भाऊ."

"पाण्याचं नाही म्हणत मी. बरं व्हायला तू दुसऱ्याच्या दारात गेलीस."

"मी गेले नाही. ती आली."

"मग तसं सांग. तिनं सैतानाची वस्तू आणली, तू फसलीस."

ते मला म्हणता येईना. गोठलेल्या बोटांनी जे आणलं होतं, त्याला तसलं नाव कसं द्यायचं?

त्या रविवारी भाकर माझ्या डावीकडच्या बाईच्या हातून माझ्या मांडीवरून उजवीकडच्या बाईच्या हातात गेली. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. पश्चात्ताप करीपर्यंत बाहेर, आणि आत घ्यायचं ते ज्यांनी बाहेर ठेवलं त्यांनीच, असा नियम.

वसंतात जर्मनीला जायची परवानगी येऊ लागली. मंडळीतलं एकेक कुटुंब जाऊ लागलं. मला बोलावून घेणारं तिकडे कोणी नव्हतं. सर्वांत शेवटी कॉर्नेलियसभाऊ निघाले. ट्रक रस्त्यावर उभा ठेवून माझ्या फाटकाशी आले.

"बहिणी, अजून वेळ आहे. मी एकट्यानं ऐकलं तरी चालेल."

"काय सांगू, भाऊ? तुम्हीही तिला ओळखता."

"ओळखतो," ते म्हणाले. बराच वेळ बुरुलच्या भिंतीकडे बघत राहिले. आशीर्वादासाठी हात उचलला, पण माझ्या डोक्यावर न ठेवताच खाली घेतला. ट्रकची धूळ बसेपर्यंत मी फाटकाशीच उभी होते. मला आत घेऊ शकणारं गावात आता कोणीच उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मी डोक्याला काळा रुमाल बांधला आणि स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. भाकर मोडायचा अधिकार मला नव्हता. म्हणून गायला लागले. जरा वेळानं बुरुल दारात आली.

"हे काय गातेयस? याला चालच नाही."

"आम्ही चार आवाजांत गातो, एजे. ही त्यातली खालची, साथीची बाजू. चाल दुसऱ्या बायका म्हणतात."

"मग आता तूच म्हण ना चाल."

"तोंडातून निघत नाही गं. लहानपणापासून हीच बाजू म्हणत आले."

ती गुडघा धरून माझ्याशेजारी बाकावर टेकली.

"बरं. तेच म्हण."

मी सगळी कडवी म्हटली. एरवी क्षणभर गप्प न बसणारी बाई शेवटपर्यंत नुसती ऐकत राहिली, मध्येच कोणीतरी येऊन सामील होईल अशी दाराकडे बघत.