घोडच्या पाण्यावरची काहील

मित्रांनो, रविवारी धरणावर आलात की ज्या मोठ्या गोल भांड्यात बसून तुम्ही फिरता आणि फोटो काढता, ती मी. मी होडी नाही. मी गुळाची एक जुनी काहील आहे. उसाचा रस आटवून गूळ करायला गुऱ्हाळावर जी भलीमोठी कढई असते, तिला काहील म्हणतात. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण परवा एका गृहस्थांनी आपल्या मुलाला मी जुना डिश अँटेना असल्याचं सांगितलं. मुलाने मानही डोलावली.

शिरूरच्या एका लोहाराने लोखंडी पत्रे रिवेट मारून जोडले, कडेला चार कड्या बसवल्या आणि मी झाले. निमोण्याच्या बाजूला, घोड नदीच्या धरणाचं पाणी जिथं शेतांना येऊन टेकतं, तिथं मारुतरावांचं गुऱ्हाळ होतं. तिथल्या चुलाणावर मला चढवलं. खाली चिपाडांचा जाळ आणि आत रस, असे माझे दिवस गेले. पाक तयार झाला की माणसं कड्यांत बांबू घालून मला कलती करत आणि गूळ ओतून घेत. लोक गुळाचं कौतुक करत, गुळव्याचंही करत. माझं कुणी केल्याचं आठवत नाही. तक्रार नाही, आपलं सांगितलं.

एक सोजराबाई मात्र वेगळी होती. ती मारुतरावांची बायको. हंगामाच्या पहिल्या दिवशी ती मला हळदकुंकू वाही, नारळ फोडी. माझ्याजवळ कुणी पायात चप्पल घालून आला की त्याची खैर नसे.

पुढे सगळा ऊस कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळ बंद पडलं. मला गोठ्यापाशी टाकलं. म्हशी माझ्यात पाणी पीत. तळाला शेवाळ धरलं, बुडाला गंज चढला. ज्या तोंडाने गूळ ओतला त्याच तोंडावर म्हशींच्या नाकांचे फुत्कार झेलले. फारसं वाईट वाटलं नाही. निदान कुणीतरी रोज येत होतं.

मारुतरावांचा मुलगा विक्रम कारेगावच्या एका कंपनीत कामाला लागला. त्याच्याबरोबरचे कामगार सुट्टीच्या दिवशी बायकामुलं घेऊन धरणाचं पाणी बघायला येऊ लागले. सोजराबाईला हे आधी खरंच वाटेना.

"पाणी बघाया येत्यात? पाण्यात बघायचं काय असतंय?" ती विचारी.

तिचा जन्म पाण्याकाठी गेला होता. तिने पाणी डोक्यावर वाहिलं, पिकाला पाजलं, त्यात घरभरच्या गोधड्या धुतल्या. नुसतं बघत बसणं तिला ठाऊक नव्हतं.

एकदा एका पाहुण्याने विक्रमला विचारलं, "भैया, यहाँ नाव नहीं मिलती क्या?" नाव नव्हती. मी होते. विक्रमने माझी छिद्रं बुजवली, कडेने ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूब बांधल्या, माणसांसाठी लाइफ जॅकेट आणली आणि एक लांब बांबू घेऊन मला पाण्यात ढकललं. मी गोल असल्यामुळे सरळ जात नाही. गिरक्या घेत जाते. लोकांना तेच आवडलं. पोरं खिदळू लागली. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. पाण्यावर तरंगणं काय असतं ते मला तोवर माहीतच नव्हतं.

सोजराबाईने मात्र आकाशपाताळ एक केलं. "ज्यात गूळ शिजला त्यात लोकं बूट घालून बसणार? करा काय करायचं त्ये. मी त्यात पाय ठिवणार न्हाई."

"अगं, लोखंडाला काय कळतंय?" मारुतराव म्हणाले.

यावर मी काय बोलणार? पण तिचा राग मला आवडला.

सोजराबाईची धाकटी बहीण तानुबाई पाण्याच्या पलीकडच्या काठाला दिलेली. तिचे डोळे अधू होत चालले होते. या उन्हाळ्यात तिने निरोप धाडला, "आक्काला म्हणावं, डोळ्यात काय उरलंय तवर तोंड दाखवून जा." सोजराबाई त्या दिवशी जेवली नाही. सडकेने जायचं तर शिरूरला जाऊन, पूल ओलांडून, दोन गाड्या बदलायच्या. तिचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नव्हते आणि मोटारसायकलवर तिला बसता येत नव्हतं. माझ्यातून गेलं तर पलीकडचा काठ हाकेवर होता. पण ती माझ्यात बसणार नव्हती. रोज काठावर यायची, पलीकडे बघायची आणि परत जायची. तिकडे दिवस जात होते आणि तानुबाईच्या डोळ्यांतला उजेड कमी होत होता. मला तिचा राग यायला लागला होता.

एका रविवारी माणसं रांगेत उभी होती. मारुतराव बाभळीखाली तंबाखू मळत बसले होते. सोजराबाई येऊन उभी राहिली तसे ते सहज म्हणाले, "गुऱ्हाळ निवल्यावर हिला घासायला आत कोण उतरत हुतं?"

खरं होतं ते. एवढ्या मोठ्या भांड्याला बाहेरून हात पुरत नाही. रोज संध्याकाळी सोजराबाईच पदर खोचून, अनवाणी, माझ्यात उतरून मला घासायची.

"त्ये काम हुतं," ती म्हणाली.

"मग आज बी काम कर की."

ती घरी गेली आणि राख, नारळाचा काथ्या घेऊन आली. रांगेतल्या लोकांना तिने हातानेच थांबवलं. पाय धुतले, माझ्या कडेला हात लावून कपाळाला नेला आणि आत उतरली. वेफर्सची पाकिटं वेचली, बुटांचा चिखल काढला, मग बसूनच मला घासलं, अगदी कडेपर्यंत. कितीतरी वर्षांनी माझ्यावर तो हात फिरत होता. मित्रांनो, लोखंडाला कळतं.

घासून झालं तरी ती उठली नाही. विक्रमकडे न बघता म्हणाली, "ढकल आता."

ती मला घासत होती तेवढ्यात मारुतरावांनी पलीकडे फोन करून निरोप दिला होता. आम्ही पलीकडच्या काठाला लागलो तेव्हा नातीचा हात धरून तानुबाई येऊन थांबली होती. "आक्का, तूच हाईस न्हवं?" तिने विचारलं. सोजराबाईने हात पुढे केला आणि तिला आत ओढून घेतलं. विक्रम म्हणाला, "चला, दोघींनाबी घरी न्हेतो."

मधोमध आल्यावर सोजराबाईने त्याचा बांबू धरला. "थांब जरा हितंच."

तो थांबला. मी हळूहळू गिरकी घेत राहिले. ऊन कधी एकीच्या तोंडावर यायचं, कधी दुसरीच्या. सोजराबाईवर आलं की तानुबाई पुढे झुकून, डोळे बारीक करून तिला बघून घ्यायची. काठावरून शिट्ट्या वाजू लागल्या.

"आये, लोकं थांबल्यात," विक्रम म्हणाला.

"थांबू दे. पाणीच बघाया आल्यात न्हवं? बघू दे."

तोवर माझ्यापाशी जो कुणी आला तो कशाची तरी वाट बघत असे. पाक होण्याची, नाहीतर फोटो नीट येण्याची. त्या दोघी कशाचीच वाट बघत नव्हत्या. त्यांना वजनही नसल्यासारखं वाटलं मला.

माझा तळ आता पातळ झालाय. विक्रम डागडुजी करतो, पण फार वर्षं निघणार नाहीत. म्हणून मागते एवढंच. पाण्यावर याल तेव्हा आपला कचरा आपल्याबरोबर परत न्या. आणि जन्मभर पाणी वाहिलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर पुढच्या खेपेला आधी तिला बसवा. तुम्ही काठावर थांबा.