निळा व्हिडिओ आणि पिवळा प्रोजेक्टर

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून थोडी. पंख्याच्या शेजारी, लोखंडी नळीला उलटा लटकलेला, एके काळी पांढरा असलेला चौकोनी डबा दिसतो ना? तो मी. मी एक जुना प्रोजेक्टर आहे. संकट आलं की तुम्हा माणसांचा जीव टांगणीला लागतो. मी तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून टांगणीलाच आहे, म्हणून मला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण एक दिवस असा आला की माझ्यासारख्या लोंबकळण्यात मुरलेल्यालाही घाम फुटला. त्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे.

माझं बालपण थोडक्यात आटोपतं. कारखान्यात माझ्या पोटात तीन काचा बसवल्या, एक लाल, एक हिरवी, एक निळी. या तिघींच्या संसारातून जगातले सगळे रंग तयार होतात. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला पहिल्यांदा चालू केलं. भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन उमटला. "पांढरा म्हणजे अगदी पांढरा!" असं त्या म्हणाल्या आणि मला खोक्यात भरलं. त्या एका कौतुकावर मी कितीतरी दिवस फुगून होतो.

या वर्गात आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! पडदे ओढले की मुलं श्वास रोखायची. मी भिंतीवर समुद्र आणला, ज्वालामुखी आणले, मुंगीचे पाय हत्तीएवढे करून दाखवले. तास संपला की मुलं म्हणायची, "अजून थोडं!" मी नवा होतो तोवर माझी धूळ पुसायला चढाओढ लागायची. मग मी जुना झालो आणि स्टूलवर चढायचा सगळ्यांनाच कंटाळा येऊ लागला. माझ्या बाजूला एक बारीक जाळी आहे. तिच्यातून मी गार हवा घेतो. त्या जाळीवर धुळीची गोधडी तयार झाली. आत उष्णता कोंडली आणि तिघींमधली सगळ्यांत नाजूक ती निळी काच हळूहळू करपली. माझा पांढरा चौकोन पिवळट झाला. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. घरातलं मूल वाढलेलं घरातल्यांना कळत नाही, तसंच झालं.

आता त्या मुलांकडे वळू. या वर्गात फिल्म आणि जाहिरात शिकवणाऱ्या मॅडम आहेत. त्यांच्याकडे वर्षाच्या शेवटी मुलांच्या गटाने एक म्युझिक व्हिडिओ करायचा, त्याचं पोस्टर आणि अल्बमचं कव्हर करायचं आणि मग बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर उभं राहून आपल्याच कामाची चिरफाड करायची, अशी पद्धत. काय जमलं, काय फसलं आणि का, ते स्वतः सांगायचं. मॅडमचं एक वाक्य ठरलेलं होतं: "व्हिडिओ, पोस्टर आणि कव्हर, तिन्ही एकाच आईची लेकरं वाटली पाहिजेत." आणि एक नियमही होता. संगणकांच्या पडद्यांवर विश्वास ठेवायचा नाही, कारण तिथे प्रत्येकाचा रंग निराळा. परीक्षा प्रोजेक्टरवर होते, म्हणून रंग प्रोजेक्टरवरच बघून ठरवायचे. म्हणजे माझ्यावर. नियम ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

त्या वर्षी तिघांच्या एका गटाने हिप-हॉप केलं. गाणारा मुलगा म्हणजे तोफ. तोंड उघडलं की शब्दांचे गोळे सुटायचे, म्हणून ते नाव. पोस्टर आणि कव्हर करणारा रंगारी. तो बोलायचा कमी आणि बोटं कायम रंगलेली. आणि चित्रीकरणाचे तुकडे जोडून, रंग लावून व्हिडिओ पुरा करणारी मुलगी, सुई. तिच्या बाबांचं कापडाचं दुकान होतं, शिवाय ती होतीही तशीच, बारीक आणि टोकदार.

गाणं होतं तोफेच्या इमारतीतल्या बंद पडलेल्या लिफ्टवर. त्याचे आजोबा आठव्या मजल्यावर राहायचे आणि लिफ्ट बंद म्हणून कित्येक दिवसांत खाली उतरले नव्हते. त्यांनीच व्हिडिओत काम केलं होतं.

"लिफ्ट बंद, लिफ्ट बंद, झिजले सगळे पाय,
आजोबा वर अडकले, खाली येणार काय?
बटण दाबू, फोन लावू, साहेब म्हणतात 'बघू',
तुमचं बघून होईपर्यंत आम्ही कसं जगू?"

सगळा वर्ग बाकं बडवत म्हणायचा. तोफ मजेत होता, रंगारी मजेत होता. सुई मात्र धास्तावलेली होती आणि ते कशामुळे, हे तिने माझ्याखालीच बसून दोघांना सांगितलं होतं.

"बाबा म्हणालेत, पहिली श्रेणी आली तरच पुढचं वर्ष इथे. नाही आली तर दुकानात बसायचं."

"अगं, येणारच पहिली!" तोफ म्हणाला. "माझा आवाज आणि तुझं काम. दुधात साखर!"

"तू आधी तोंड बंद कर आणि मला बघू दे," असं म्हणून ती पुन्हा भिंतीवरच्या चित्राकडे वळली.

ती डोळ्यांत तेल घालून काम करायची. पण मित्रांनो, डोळे तिचे होते आणि उजेड माझा होता. माझ्यावर तिला सगळं पिवळं दिसायचं. जिना पिवळा, भिंती पिवळ्या, आजोबा तर कावीळ झाल्यासारखे. मग ती थोडा निळा टाकायची. अजून पिवळं वाटे, म्हणून अजून निळा. संगणकावर चित्र निळसर दिसायचं, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा नियमच होता. असं करत करत एका दुपारी चित्र अगदी मनासारखं झालं. आजोबांच्या गालावर रक्त दिसू लागलं. तिने हुश्श केलं. मीही केलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दोन माणसं एक भलामोठा टीव्ही घेऊन आली. परीक्षकांपुढे शाळेची शान दिसावी म्हणून मुख्याध्यापकांनी तो ऐन वेळी मागवला होता. त्यांनी तो पुढच्या भिंतीला, माझ्या चौकोनाच्या शेजारी लावला आणि माझी वायर काढून ठेवली. गरज सरो, वैद्य मरो! मी मनातल्या मनात चरफडलो. कुणाला वाटलं नाही की एकदा व्हिडिओ त्याच्यावर लावून बघावा. नव्या वस्तूवर कुणी शंका घेतं का?

परीक्षक आले. उंच, शांत गृहस्थ. आईवडिलांनाही बोलावलं होतं. सुईचे बाबा शेवटच्या बाकावर मांडीवर हेल्मेट ठेवून बसले. पडदे ओढले. गाणं सुरू झालं.

आणि सुईच्या तोंडचं पाणी पळालं. तोफ निळा, जिना निळा. आजोबा खिडकीत बसलेले दिसले तेव्हा वर्गातलं कुणीतरी चरकून "अरे बापरे" म्हणालं. जिवंत माणूस त्या टीव्हीवर मेलेला दिसत होता. शेजारच्या भिंतीवर रंगारीचं पोस्टर होतं. त्यावर हाच जिना, पण दिव्याच्या उबदार पिवळ्या उजेडातला. एकाच आईची लेकरं कुठली, ती ओळखीचीही वाटत नव्हती.

गाणं संपलं. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

"पोस्टर आणि कव्हर छान जुळलंय. दोन्हींत ऊब आहे. व्हिडिओत मात्र माणसं पाण्याखाली बुडाल्यासारखी दिसतात. हे मुद्दाम केलंय का?"

"मुद्दामच, सर!" तोफ लगेच उडाला. "पोस्टर म्हणजे जिना चढायच्या आधीचा माणूस. व्हिडिओ म्हणजे चढतानाचा. दम लागून माणूस निळा पडतो ना, सर!"

वर्ग हसला. परीक्षकही हसले. "वा, विचार केलाय तुम्ही," म्हणत त्यांनी पेन उचललं. तोफेने वेळ मारून नेली होती. पण पेन कागदाला टेकायच्या आत ते थांबले.

"व्हिडिओचे रंग कुणी लावले?"

"मी, सर," सुई उभी राहिली.

"मग तू सांग. हा निळा तू ठरवलास?"

बाकाखालून तोफेने तिच्या पायाला पाय मारला. "हो म्हण," तो पुटपुटला. खरं सांगू? मला तोंड असतं तर मीही "हो म्हण, बाई!" असंच ओरडलो असतो. पोरीचं सगळं पुढचं वर्ष त्या एका शब्दावर अडलं होतं. तिने एकदा मागे बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्याचकडे बघत होते.

"नाही, सर," ती म्हणाली. "हा निळा मी ठरवला नाही. तो चुकलाय."

"म्हणजे?"

"आम्ही रंग त्याच्यावर बघून लावले." तिने बोट वर केलं. सगळ्या माना वळल्या. इतकी वर्षं मी या वर्गात आहे, पण मुलं कायम माझ्या उजेडाकडे बघतात, माझ्याकडे नाही. त्या दिवशी अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. "तो सगळं पिवळं दाखवतो, हे मला आत्ता कळलं. पिवळं घालवायला मी निळा ओतत राहिले."

"त्याच्यावर बघायचा नियम माझा होता, सर," मॅडम हळूच म्हणाल्या.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "त्याच्यावर लावून दाखवा."

माझी वायर जोडली. दिवा पेटला, पंखा घरघरू लागला, तापलेल्या धुळीचा वास सुटला. गाणं पुन्हा सुरू झालं. आणि भिंतीवर आजोबा जिवंत झाले! गाल लालसर, डोळ्यांत मिश्कील चमक, मागे जिन्याचा उबदार दिवा. पोस्टरमधलाच जिना, पोस्टरमधलाच उजेड. वर्गातून हलकेच "अरे!" उमटलं. पण माझ्या पोटात आग पेटली होती. जाळीतून हवाच येत नव्हती. एवढं गाणं संपू दे, एवढं एकच, असं मी स्वतःला बजावत होतो. दुसरं कडवं पार पडलं. पंखा जीव खाऊन फिरत होता. तोफ शेवटच्या कडव्यासाठी गच्चीच्या दारापाशी पोहोचला आणि माझा धीर सुटला. अति तापलो की मला बंदच व्हावं लागतं. भिंत काळी झाली.

आवाज स्पीकरमधून येतच राहिला. कुणी उठलं नाही, कुणी पडदा सरकवला नाही. त्या अंधारात सगळ्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

पडदे उघडल्यावर परीक्षक म्हणाले, "हा प्रोजेक्टर पाठीवर घेऊन तू घरोघर फिरणार आहेस का?"

"नाही, सर."

"मग लोकांना दिसणार तो निळाच. रंगाचे गुण मला कापावे लागतील."

"कापा, सर."

"पुढच्या वेळी काय करशील?"

"वेगवेगळ्या पडद्यांवर बघेन. आणि पोस्टरचा फोटो त्याच पडद्यावर लावून खऱ्या पोस्टरशेजारी बघेन." तिने शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. "पोस्टर इथेच भिंतीवर होतं, सर. इतके दिवस मी त्याच्याशी एकदाही ताडून पाहिलं नाही."

निकाल त्याच संध्याकाळी लागला. दुसरी श्रेणी. पहिली थोडक्यात हुकली होती, म्हणून जास्तच लागलं.

"एक 'हो' म्हणायला तुझं काय जात होतं?" तोफ तिच्यावर भडकला. सुई माझी वायर गुंडाळू लागली. रंगारीने भिंतीवरून पोस्टर उतरवायला घेतलं. तोफ जरा वेळ बाकावर बोटं वाजवत बसला, मग स्वतःशीच म्हणाला, "पण आजोबांना असं मढ्यासारखं दाखवून पहिली श्रेणी आणली असती, तर घरी काय तोंड दाखवणार होतो मी?" आणि पोस्टरचं दुसरं टोक धरायला उठला.

दोघे गेले. सुई वायर गुंडाळत राहिली. बाबा पुढे आले.

"दुसरी आली," ती खाली बघत म्हणाली. "ठरलं होतं तसं... मी सोमवारपासून दुकानात येते."

बाबांनी हेल्मेट बाकावर ठेवलं.

"कापडाचा रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवायचा नसतो. दारात नेऊन उन्हात बघायचा. दुकानात असतीस तर हे तुला मी पहिल्याच दिवशी शिकवलं असतं."

"हो, बाबा."

"पण चुकलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, हे मी तुला नसतं शिकवलं. मलाच जमत नाही ते. गिऱ्हाईक कापड घेऊन परत आलं की मी दोष गिरणीवर ढकलून मोकळा होतो." त्यांनी वर्गाकडे हात केला. "हे तू इथे शिकलीस. मग इथेच शीक."

सुई वायर हातात घेऊन तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली. बाबाही तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

मित्रांनो, टीव्ही अजून त्या भिंतीवर आहे आणि मीही अजून इथेच आहे. मला भंगारात काढायचं चाललं होतं, पण मॅडमनी नको म्हटलं. आता मुलं आपलं काम आधी टीव्हीवर बघतात आणि मग माझ्यावर. "या म्हाताऱ्यावर धड दिसलं तर कुठेही दिसेल," असं म्हणतात. मान थोडा खाली आलाय, पण काम मिळतंय. सुई दर सुट्टीआधी स्टूलवर चढून माझी जाळी काढते आणि गच्चीवर नेऊन झटकते. माझी निळी काच काही परत यायची नाही. जाळी वेळेवर साफ झाली असती, तर ती गेलीच नसती.

तुमच्या शाळेत, तुमच्या घरात असं कुणीतरी कोपऱ्यात घरघरत असेल. त्याच्यावर विश्वास जरूर ठेवा, पण त्याची धूळ पुसा आणि अधूनमधून त्याची तब्येत विचारा. आम्हाला पिवळं दिसायला लागलं, हे आमचं आम्हाला कळत नाही हो.